ट्यूबचा अॅम्प की सॉलिड स्टेट? वाजवणाऱ्यांनी सांगा

सांगलीचा_गिटारवाला
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतोय. लग्नं, जत्रा, गणपती, नवरात्र, सगळं आलं त्यात. माझ्या जुन्या सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) अॅम्पच्या स्पीकरचा कागद यंदा फाटला आणि नवीन अॅम्प घ्यायचं ठरवलं. साठ हजार बाजूला काढलेत. पुण्यात एका मित्राकडे ३० वॅटचा ट्यूब (काचेच्या नळ्यांचा) कॉम्बो, म्हणजे अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, विकायचा आहे: पॉवरला ईएल८४ जातीच्या चार ट्यूब, बारा इंची दोन स्पीकर, नीट सांभाळलेला. तेवढ्याच पैशात दुकानात १०० वॅटचा नवा सॉलिड स्टेट मिळतोय. मित्र म्हणतो, "ट्यूब एकदा वाजवलीस की मागे फिरणार नाहीस." आमचा कीबोर्डवाला म्हणतो, हे सगळं ऐकीव आहे, समोर बसलेल्याला काही कळत नाही. खरा फरक आहे का? आणि असेल तर माझ्यासारख्याने काय घ्यावं? ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रुमाल_टाकून
रुमाल टाकून ठेवतो. पोरगं हेच विचारतंय घरी.

डोंबिवली_फास्ट
नाव वाचून वाटलं घरातल्या ट्यूबलाइटचा धागा आहे. आत आल्यावर ट्यूब पेटली. :)

तात्या_रेडिओ
ट्यूबला आमच्या काळी व्हॉल्व्हच म्हणायचे, मी तेच म्हणणार. चाळीस वर्षं रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त केले. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह मिळायचे तेव्हा, छपाई पुसट झाली तरी काचेवरून ओळखायचो.

आधी काम कसं चालतं ते सांगतो, बाकीचं त्यावरून कळेल. व्हॉल्व्हच्या पोटात एक तार तापते, ६.३ व्होल्टवर. तापली की तिच्याभोवतीच्या नळीतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. प्लेटवर तीनशे-चारशे व्होल्ट. मध्ये जाळी असते, तिच्यावर गिटारचा इवलासा सिग्नल जातो आणि तो त्या मोठ्या प्रवाहाला वळण लावतो. व्होल्ट भरपूर, करंट अगदी कमी. स्पीकरला उलटं लागतं. म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हला समोर चार हजार ओहम दिसायला हवेत आणि स्पीकर आठ ओहमचा, तर वेढ्यांचं प्रमाण साधारण २२ ला १ येतं. अॅम्प जड का, तर त्यातलं लोखंड आणि तांबं. ट्रान्झिस्टरला त्याची गरज नाही, तो थेट स्पीकर हलवतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेव. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अॅम्प कधीही वाजवू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि मागचं झाकण उघडू नकोस. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट साठलेले असतात. आम्ही एक हात खिशात ठेवून काम करायचो, करंट छातीतून जाऊ नये म्हणून.

ठाणेकर_बेस
तात्या, जबरदस्त. असं कोणी शिकवलंच नाही आम्हाला.

मूळ प्रश्नाबद्दल: बेससाठी मी सॉलिड स्टेट सोडून कशाकडे बघत नाही. हलका, स्वच्छ, पाहिजे तेवढी ताकद. गिटारवाल्यांचं वेगळं असेल.

जॉर्जेट_आणि_गिब्सन
वेगळंच आहे, कारण गिटारवाल्याला अॅम्पची चूक हवी असते! आवाज वाढवत नेला की ट्यूब हळूहळू दबते, लाटेचे माथे गोल करते. सॉलिड स्टेटमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत आणणं, म्हणजे चूक सुधारते) भरपूर असतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मर्यादा आली की माथा सुरीने कापल्यासारखा सपाट करतो. कानाला ते खरखरीत लागतं. आणि ट्यूब सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे सूर) देते, म्हणून गोड.

समांतर_रेषा
शेवटचं वाक्य अर्धंच खरं आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते म्हणून राहवत नाही. एकटी ट्यूब एकाच बाजूने काम करत असेल तर सम हार्मोनिक येतात. पण ३० वॅटच्या अॅम्पची पॉवर स्टेज पुश-पुल असते: दोन बाजू आलटून पालटून ओढतात आणि त्या स्टेजमध्ये तयार होणारे सम हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना बहुतांशी छेदतात. उरतात ते विषम. तरी आवडतोच ना तो आवाज? मग "सम म्हणजे गोड" एवढ्यावर सोडून चालत नाही.

मला वाटतं जास्त महत्त्वाचं कारण स्पीकरशी असलेलं नातं. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असतं, पण तो सगळीकडे आठ नसतो. खालच्या पट्टीत, शंभर हर्ट्झच्या आसपास, त्याचा रोध कितीतरी पट वाढतो आणि वर तारस्वरातही चढतो. सॉलिड स्टेट स्पीकरचं काही ऐकत नाही, सगळीकडे सारखाच व्होल्टेज देतो. कमी फीडबॅकचा ट्यूब अॅम्प स्पीकरच्या कलाने जातो, त्यामुळे खाली धमक आणि वर चमक आपोआप येते. हे कळल्यावर काही कंपन्यांनी सॉलिड स्टेटमध्ये करंट फीडबॅक (स्पीकरमधल्या करंटवरून अॅम्पने स्वतःला सावरणं) घालून तेच वागणं आणलं, आणि बरंचसं जमलंही. म्हणजे फरक खरा आहे, पण तो काचेच्या नळीतच कोंडलेला नाही.

जॉर्जेट_आणि_गिब्सन
ताई, मान्य. मी ऐकलं होतं तेच लिहिलं. हे माहीत नव्हतं.

मिरजेचा_भोपळा
आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे-सतारींचं काम. गिटारमधलं मला फार कळत नाही, पण वरचं वाचताना एक गोष्ट सारखी मनात येतेय.

सतारीला भोपळा असतो. तारेचा आवाज तारेत नाही, भोपळ्यात आणि तबलीत तयार होतो. तुमच्या इलेक्ट्रिक गिटारला पोटच नाही, भरीव लाकूड. म्हणजे तिचा भोपळा हा अॅम्प. तो वाद्याचाच भाग झाला, वेगळी पेटी नव्हे. आणि जवारीचं, म्हणजे तारेखालच्या घोडीचा माथा घासून आवाज खुलवण्याचं म्हणाल, तर घोडी कानशीने कणभर जास्त घासली की तंबोरा बंद बोलतो, बरोबर बसली की खुलतो. खुली जवारी ही शास्त्राच्या नजरेने तारेत घातलेली चूकच आहे, तार घोडीला घासते म्हणून ती झणझण येते. तीच आपल्याला हवी असते. वडील जवारी काढताना तार एकदा हळू छेडायचे, एकदा जोरात, आणि मध्ये डोळे मिटून घ्यायचे. हळू छेडल्यावर काय बोलतो यावरून ठरायचं. अॅम्पही असाच बघावा असं वाटतं.

सांगलीचा_गिटारवाला
हे वाचून अंगावर काटा आला. मिरज माझ्यापासून दहा किलोमीटरवर, आणि हे मला इथे कळतंय.

ठाणेकर_बेस
भोपळ्याचा मुद्दा पटला. पण मग सगळ्यांना एकच भोपळा कशाला? मला अॅम्पने माझ्या आवाजात काहीच घालू नये असं वाटतं.

गायिका_अंबरनाथ
हो, गायनाला आणि संवादिनीला तर अजिबात नको. आमच्या एका कार्यक्रमात कोणीतरी तानपुरा गिटारच्या ट्यूब अॅम्पमधून काढला. गिटारच्या स्पीकरला ट्वीटर नसतो, पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर तो झपकन पडतो. तानपुरा घोंगडी पांघरून बसल्यासारखा वाटत होता. साधा पीए (भाषण-गाण्यासाठीची स्पीकर यंत्रणा) चांगला.

बेंजोवाला_वरळी
मी बेंजो पार्टीत आहे. आमच्या बेंजोला पिकअप लावून आम्ही पीएच्या अॅम्पमधून थेट कर्ण्यात घालतो आणि व्हॉल्यूम शेवटच्या काट्याला. तो फाटका, टोचणारा आवाज नसेल तर हळदीत कोणी नाचत नाही. तो आवाज कुठल्याही ट्यूबमधून निघत नाही, मी करून बघितलंय. ट्यूबमधून काढल्यावर म्हातारी माणसं म्हणाली, "आवाज मऊ का केलास?" तेव्हा सॉलिड स्टेटची कडक फाट वाईटच असं कोणी म्हणू नका. जिथे ती शोभते तिथे तीच हवी.

समांतर_रेषा
मला हे उत्तर सगळ्यात आवडलं.

जाझ_जुना
नुसती आवडीची गोष्ट नाही, नोंदवलेली उदाहरणं आहेत. रोलंड कंपनीचा जेसी-१२० हा अॅम्प १९७५ मध्ये आला, पूर्ण सॉलिड स्टेट, ६०-६० वॅटचे दोन अॅम्प आणि बारा इंची दोन स्पीकर. त्याचा कोरस (एकाच सुराचे दोन झाल्यासारखा परिणाम) हवेत मिसळतो: एका स्पीकरमधून कोरा सूर, दुसऱ्यातून किंचित डुलणारा. मेटालिकासारख्या बँडनेही स्वच्छ आवाजासाठी तोच वापरला. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग बरीच वर्षं लॅब सिरीज एल५ या अॅम्पवर वाजवत, तोही सॉलिड स्टेट. त्यांचा सूर कोणाला कोरडा वाटला?

आणि ट्यूबमध्येही एकच आवाज नसतो. १९६२ मध्ये जिम मार्शल यांच्या लंडनच्या दुकानात फेंडर कंपनीच्या बासमन अॅम्पचा सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ हा अॅम्प बनवला गेला. आराखडा जवळपास तोच, पण स्पीकर आणि सुटे भाग इंग्लंडमधले. निघाला वेगळाच आवाज. चार ईएल८४ वाला व्हॉक्सचा एसी३० आणखी तिसराच.

सोलापुरी_चादर
एवढं सगळं खरं, पण सोलापूरच्या जत्रेत जनरेटरवर कोण वाजवणार ट्यूब?

रत्नांग्रीकर
मी वाजवलाय. अनुभव सांगतो.

आमच्या गावात संध्याकाळी लाइट डिम होते. शिमग्याच्या कार्यक्रमात मल्टिमीटर लावला, १८० व्होल्ट. तात्यांनी ६.३ व्होल्ट सांगितलेत ना तारेचे, ते त्या प्रमाणात पाचच्याही खाली उतरतात. अॅम्प वाजतो, पण जीव नसलेला, स्वर उठतच नाही. मी दोन गाणी तशीच काढली आणि तिसऱ्याला मागच्या वादकाचा सॉलिड स्टेट घेतला. व्होल्टेज २५० वर गेला तर उलटा त्रास, ट्यूबचं आयुष्य घटतं. हल्लीच्या बऱ्याच डिजिटल अॅम्पमध्ये एसएमपीएस (येणाऱ्या व्होल्टेजशी स्वतःच जुळवून घेणारा वीजपुरवठा) असतो, त्यांना १०० ते २४० पर्यंत काहीही चालतं.

दमट हवेचं म्हणाल तर सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, नॉब फिरवला की खरखर. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवतो, आतली उष्णता ओल काढते. एवढं करूनही मी तो विकलेला नाही. घरी शांतपणे वाजवायला बसतो तेव्हा तोच.

सॅन_होजेकर
व्होल्टेजवरून आठवलं. मी इकडून सुट्टीत माझा अॅम्प पुण्याला नेला. १२० व्होल्टचा. घाईत थेट २३० मध्ये लावला. फ्यूज गेला म्हणून बाकीचं वाचलं. नंतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला, तो अॅम्पएवढाच जड. शिवाय इकडे ६० हर्ट्झ, तिकडे ५०, त्यामुळे अॅम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. सेकंडहँड घेताना मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलेत ते सगळ्यात आधी वाचा.

नाशिकची_द्राक्षं
वजनावर कोणी बोललं नाही. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा ट्यूब अॅम्प साधारण २९ किलो. त्याच नावाचा डिजिटल टोन मास्टर २०१९ मध्ये आला, १५ किलो. माझ्या कमरेने त्याच वर्षी निर्णय घेतला. आता पायाशी एक मॉडेलर (अॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारी पेटी) असतो, थेट मिक्सरला.

जॉर्जेट_आणि_गिब्सन
मॉडेलर घेतला तर मागून ढकलणारी हवा कुठून आणणार? पाठीमागे स्पीकर असला की तार धरून ठेवलेला स्वर संपत नाही, वाढतो. ते मॉनिटरच्या पेटीत नाही.

नाशिकची_द्राक्षं
तो स्पीकरचा आणि मोठ्या आवाजाचा गुण आहे, ट्यूबचा नव्हे. मॉडेलर चांगल्या पॉवर्ड स्पीकरमधून मागे लावला की तेही मिळतं. रोज वाजवतो म्हणून सांगतोय.

डोंबिवली_फास्ट
आवाजाचा प्रश्न मलाही आहे. वन बीएचके, शेजारी दहावीची मुलगी. १५ वॅटचा ट्यूब घेतला, वाटलं पंधराच तर वॅट. व्हॉल्यूम दोनच्या वर गेलाच नाही कधी.

समांतर_रेषा
जाणारच नाही. गिटारचे बरेच स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ९८ डेसिबलच्या आसपास देतात. १५ वॅट म्हणजे जवळपास ११०. आणि वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. त्यामुळे सांगलीकरांनी ३० आणि १०० मध्ये ताकदीचा फार मोठा फरक धरू नये, पाच डेसिबलचा आहे. शिवाय दबत दबत जाणारी ट्यूब जास्त मोठी भासते.

फ्लॅटमध्ये ट्यूब जिथे बोलायला लागते तिथपर्यंत आपण पोचतच नाही. मग पैसे खर्चून तिचा भाग वापरात येत नाही. अॅटेन्युएटर (अॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये लावून आवाज कमी करणारी पेटी) मिळतो, पण तो स्पीकरच्या रोधाशी जुळणाराच घ्यावा लागतो.

तात्या_रेडिओ
एक महत्त्वाचं राहिलं. अर्थिंग. मांडवात अर्थिंग नसतं किंवा अॅम्प एका बोर्डावर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या फेजवर. गिटारच्या तारा हातात आणि ओठ माइकला लागले की झटका. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वी नावाचा गिटारवादक कार्यक्रमात असाच गेला. ट्यूब असो वा ट्रान्झिस्टर, गाण्याआधी तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून बघा. अॅम्पची अर्थची पिन कोणी कापलेली असेल तर तो अॅम्प फुकटही घेऊ नका.

ठाणेकर_बेस
हे धाग्याच्या वर लावून ठेवायला हवं. आम्ही एकदा ओठ चटकन मागे घेतलाय.

सोलापुरी_चादर
आमच्या गायकाला दरवेळी "मुंग्या येतात" असं वाटायचं. आम्ही समजायचो घाबरतो. उद्याच तपासतो.

जाझ_जुना
सुट्या ट्यूबचाही विचार करा. आज बहुतेक पुरवठा स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतो. २०२२ मध्ये रशियाकडचा माल अडला तेव्हा किमती चढल्या. चार ईएल८४ एकत्र, जुळवलेल्या घ्याव्या लागतात. नियमित वाजवणाऱ्याला वर्ष-दोन वर्षांत लागतात. प्रीअॅम्पच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या) छोट्या १२एएक्स७ ट्यूब मात्र खूप वर्षं टिकतात.

सांगलीचा_गिटारवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गप्प होतो कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होतो.

आधी मल्टिमीटर घेतला. तीन कार्यक्रमांत मोजलं: एका लग्नाच्या हॉलमध्ये २२८, एका जत्रेत १९१, एका ठिकाणी जनरेटरवर २४६. दोन ठिकाणी बोर्डाला अर्थिंगच नव्हतं, मंडपवाल्याकडून वायर टाकून घेतली.

मग रविवारी माझी स्वतःची गिटार घेऊन पुण्याला गेलो, सोबत आमचा कीबोर्डवाला. मित्राने अॅम्प अर्ध्या तासापूर्वीच तापत ठेवला होता. मिरजकरांनी लिहिलं तसं केलं. एकच सूर, आधी अंगठ्याच्या मांसाने हळू, मग प्लेक्ट्रमने जोरात. नॉबला हात नाही. हळू वाजवलं तर स्वच्छ, घंटेसारखं. जोरात मारलं तर सूर दाटून आला, कडेने फाटला पण तुटला नाही. मग गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणला आणि अॅम्प पुन्हा स्वच्छ. माझ्या बोटात काय आहे ते त्याने मला दाखवलं. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा हळू वाजवत होतो.

तिथून दुकानात. त्या १०० वॅटच्या सॉलिड स्टेटवर तेच केलं. स्वच्छ आवाज सुंदर, खरंच. जोरात मारल्यावर फक्त मोठा झाला. पेडल लावल्यावर गाण्यातला आवाज नव्वद टक्के मिळाला. कीबोर्डवाला डोळे मिटून ऐकत होता. तो म्हणाला, "समोर बसून मला ओळखता येणार नाही. पण तू वाजवतोस वेगळं."

ऑर्केस्ट्रासाठी सॉलिड स्टेट घेतला. १९१ व्होल्टवर आणि जनरेटरवर तोच टिकेल, साउंड चेकला दहा मिनिटं मिळतात आणि टेम्पोत चढवायचा मलाच. त्यावर माझा निर्णय पक्का आहे.

आणि ट्यूबचा अॅम्प कीबोर्डवाल्याने घेतला! गिटार त्याला येत नाही. म्हणाला, तालमीच्या खोलीत ठेवू, तू तिथे वाजव, पैसे हळूहळू दे.

मिरजेचा_भोपळा
असा कीबोर्डवाला जपून ठेवा. तालमीला ऐकायला येईन.

बेंजोवाला_वरळी
डोळ्यात पाणी आणलंत राव.

सांगलीचा_गिटारवाला
नक्की या काका, गुरुवारी असतो. तात्या, एक शंका. काल तालमीत एखाद्या सुराला पेटीतून काचेसारखी किणकिण येते. ट्यूब गेली का?

तात्या_रेडिओ
मायक्रोफोनिक झाली असेल, म्हणजे हादरा बसला की ती स्वतःच वाजते. घाबरू नकोस. अॅम्प चालू, आवाज बारीक, आणि लाकडी पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने मागून एकेक छोटी ट्यूब हलकेच टोक. जी टोकल्यावर स्पीकरमधून घंटी वाजवेल ती बदल. हाताने धरू नकोस, भाजेल. गिटारच्या जॅकपासून मोज आणि कितवी ते सांग.

सांगलीचा_गिटारवाला
जॅकच्या बाजूची पहिलीच. ठणठणीत वाजतेय.

तात्या_रेडिओ
तिच्यातूनच सिग्नल आधी जातो, म्हणून तिचीच जास्त ऐकू येते. बंद कर, पूर्ण गार होऊ दे, आणि तिची शेवटच्या छोट्या ट्यूबशी अदलाबदल करून बघ. आकडा दोन्हींवर सारखा असला तरच. तिथे बहुतेक गप्प बसेल.

सांगलीचा_गिटारवाला
दोन्हींवर १२एएक्स७ आहे. गार होतोय. वीस मिनिटांनी सांगतो.